पहिल्या दाबाला

लातूरला औसा रोडपासून थोडं आत माझ्या वडिलांचं ब्रेकचं दुकान होतं. फक्त ब्रेकचं. इंजिनचं किंवा गिअरचं काम घेऊन कुणी आलं तर बाबा त्याला दोन दुकानं पुढं पाठवायचे. जीप, टेम्पो, शाळेच्या व्हॅन, नंतर कार, सगळ्यांचे ब्रेक तिथं व्हायचे. काम संपलं की गाडी मालकाच्या हातात देण्याआधी बाबा स्वतः आत बसत, दुकानासमोरच्या मोकळ्या जागेत ती हळू पुढं घेत आणि पेडल दाबत. एकदा पुढं जाताना, एकदा मागं येताना. एवढं केल्याशिवाय त्यांनी कुठलीच गाडी रस्त्यावर सोडल्याचं मला आठवत नाही. आमची स्वतःची जुनी जीपसुद्धा रोज सकाळी तशीच निघायची.

मी त्यांची एकुलती एक. मेकॅनिकलला नांदेडला गेले, चार वर्षं हॉस्टेलवर राहिले आणि पुढं पुण्यात गाड्यांचे सुटे भाग तयार करणाऱ्या एका कंपनीत लागले. बाबा हे लोकांना सांगताना एवढंच म्हणत, "आमची लेक पण ह्याच लाइनीत हाय." पण कुणी विचारलं नसलं तरी सांगायचे.

पुण्यात मी एक जुनी हॅचबॅक घेतली. ऑफिसातल्या तिघा-चौघांना शर्यतीच्या ट्रॅकवर गाडी चालवायचा नाद होता. वर्षातून दोन-तीनदा ते दक्षिणेत, तमिळनाडूतल्या एका ट्रॅकवर जायचे. एकदा मीही गेले. समोरून काही येत नाही, मध्ये माणूस नाही, जनावर नाही, नुसता रस्ता आणि वळणं. माझ्या आयुष्यात मी इतकी मोकळी कधी झाले नव्हते. त्यानंतर सुटीचे सगळे दिवस मी त्यासाठीच राखून ठेवायला लागले.

दुसऱ्या खेपेला जाण्याआधी मी गाडीला पुढच्या ब्रेकच्या दोन नव्या डिस्क बसवल्या. भोकं पाडलेल्या होत्या. ऑनलाइन मागवल्या, कारण त्या चाकाच्या मागून चकाकताना फार छान दिसायच्या आणि भोकांमुळं उष्णता लवकर निघून जाते असं मी कुठंतरी वाचलं होतं. ट्रॅकवर दिवसभर चालवली. संध्याकाळी चाक काढून पाहिलं तर एका भोकापासून दुसऱ्या भोकापर्यंत केसाएवढी रेघ गेलेली. तशा चार-पाच रेघा.

त्या डिस्क काढून डिकीत टाकल्या, साध्या बसवल्या आणि पुढच्याच सुटीत लातूरला आले. बाबांनी त्या बाकावर ठेवल्या, चष्मा लावला आणि अंगठ्याचं नख रेघेवरून फिरवलं. नख अडकलं.

ते रागावले नाहीत. त्यांनी मला समोर बसवलं आणि विचारायला लागले. एका चकरंत किती वेळा दाबतीस? केवढ्या वेगावरून? दोन दाबांच्या मध्ये गाडीला वारा खायला किती वेळ मिळतो? त्यांनी ट्रॅक कधी पाहिला नव्हता, पण घाट उतरून आलेल्या ट्रकच्या जळक्या ब्रेक लायनरचा वास त्यांना ठाऊक होता. माझी उत्तरं ऐकून त्यांनी सगळं त्या घाटाच्या हिशेबानं समजून घेतलं. दुकानात तेव्हा अप्पा बसलेले होते. अप्पा म्हणजे आमच्या गल्लीच्या तोंडाशी ज्यांचं भांड्यांचं दुकान होतं ते. गळ्यात इष्टलिंग, कपाळाला विभूती, दारात आले की नमस्काराऐवजी "शरणार्थी" म्हणायचे. तीस वर्षं रोज चारच्या चहाला ते आमच्या दुकानात येत. त्यांना डिस्कमधलं काही कळत नव्हतं, पण बाबा मला समजावत होते तेव्हा ते मन लावून ऐकत होते.

बाबांनी सांगितलं ते असं. लोखंड जितकं जास्त तितकी उष्णता ते पोटात घेतं. भोकं पाडली की लोखंड कमी होतं आणि तडा भोकापासूनच सुरू होतो. रस्त्यावर एवढी उष्णता होतच नाही, म्हणून तिथं भोकांचं काम नाही, साधी डिस्क उत्तम. ट्रॅकला खाचा मारलेली जाड डिस्क चालेल. डिस्कला दाबून धरतो तो पॅड, त्याचा जळका थर खाचा खरवडून काढतात, पॅड लवकर झिजतो, पण तडा जात नाही. आणि खरा प्रश्न डिस्कपेक्षा पॅडचा. ट्रॅकचा पॅड तापल्यावर जागा होतो. थंड असताना तो नुसता डिस्कवर घासत राहतो.

"हे बघ माय," ते म्हणाले, "रस्त्यावर ब्रेक पहिल्या दाबाला लागला पाहिजे. तुझ्या त्या ट्रॅकवर शेवटच्या दाबाला. दोन्ही एकाच सामानात मिळंल असं कुणी सांगितलं, तर त्या दुकानातून उठून ये."

म्हणून दोन जोड्या करायच्या ठरलं. रस्त्याची साधी डिस्क आणि तिचे पॅड एकीकडं, ट्रॅकची खाचांची डिस्क आणि तिचे पॅड दुसरीकडं. पॅड आणि डिस्क एकमेकांना रुळतात, त्यांची अदलाबदल करायची नाही. बाबांनी रस्त्याच्या जोडीला पांढऱ्या रंगाचा ठिपका लावला आणि ट्रॅकच्या जोडीला लाल. बदलायला दीड तास लागायचा. त्यांनी माझ्याकडून दोनदा करवून घेतलं, हात न लावता नुसते बघत उभे राहिले. शेवटी एक अट घातली. ट्रॅकवरून निघायच्या आधी जोडी बदलायची. घरी आल्यावर नाही, तिथंच. मी हो म्हणाले. पुढची दोन वर्षं मी ती अट पाळली.

तिसऱ्या वर्षी ट्रॅकचे दिवस डिसेंबरात आले, येळवसेच्या तोंडावर. आमच्याकडं येळवस म्हणजे वर्षाचा सण. मार्गशीर्षातल्या अमावस्येला गाव रिकामं होतं, सगळे शेतात जातात, कडब्याची छोटी झोपडी, खोप, करून पूजा करतात आणि भज्जी, बाजरीचे उंडे, ताकातली आंबील असं जेवण होतं. आमचं थोडं शेत निलंग्याच्या बाजूला होतं, आणि येळवसेला मी नाही असं कधी झालं नव्हतं. ट्रॅकवरून पुण्याला न जाता मी सरळ लातूरला यायचं ठरवलं.

शेवटच्या दिवशी संध्याकाळी मी इतकी दमले होते की हात वर उचलवत नव्हते. बरोबरचे लोक निघाले होते. पांढऱ्या ठिपक्याची जोडी डिकीत होती. मी जॅक काढला, परत ठेवला. म्हटलं, उद्या रस्त्यात कुठं तरी बदलू. दुसऱ्या दिवशी म्हटलं, आता बाबांच्या दुकानातच बदलू. मला काही माहीत नव्हतं असं नाही. रात्री मुक्काम करून सकाळी गाडी काढली तेव्हा पहिल्या दाबाला ब्रेकनं धरलं नाही, ते मला चांगलं कळलं. मग मी रिकामा रस्ता बघून पेडलवर पाय हलका ठेवून दोन-तीन मिनिटं चालवली आणि डिस्क तापवून घेतल्या. त्यानंतर अडचण आली नाही. ही युक्ती जमते याचा मला थोडा अभिमानही वाटला.

येळवसेच्या आदल्या दिवशी दुपारी मी लातूरला पोचले. घरी भाज्या निवडणं चाललं होतं, शेजारच्या बायका आल्या होत्या, आई आंबिलाच्या गडबडीत होती. बाबांना सांगावं असं एकदा मनात आलं. पण सांगितलं असतं तर ते तेव्हाच हातातलं टाकून दुकान उघडायला निघाले असते, आणि मला आधी ऐकून घ्यावं लागलं असतं. उद्या शेतातून आल्यावर बदलू, असं ठरवून मी झोपले.

सकाळी थंडी होती. आमची जीप शेतात न्यायच्या पाहुण्यांना आणायला आधीच गेली होती. दही कमी पडतंय असं आई म्हणाली. बाबांनी खुंटीवरची माझ्या गाडीची किल्ली घेतली. मी तेव्हा न्हाणीघरात होते. गाडी सुरू झाल्याचा आवाज मला ऐकू आला. तेव्हा मला काहीच वाटलं नाही.

आमची गल्ली रस्त्याकडं उतरती आहे. तिच्या तोंडाशी अप्पा उभे होते. त्यांचा भाचा जीप घेऊन येणार होता, ते सगळे मुरुडकडच्या शेतात निघाले होते. अप्पांच्या दोन्ही हातांत आंबिलाचं मडकं होतं. बाबांना ते दिसले, बाबांनी ब्रेक दाबला. पेडल घट्ट होतं, पायाचा सगळा जोर लावला होता, आणि गाडी चाललीच. त्यांनी हँडब्रेक ओढला, गाडी भिंतीकडं घातली. वेग फार नव्हता. पण गाडीच्या कोपऱ्याची धडक अप्पांच्या खुब्यावर बसली आणि ते त्यांच्याच दुकानाच्या दगडी पायरीवर आपटले.

मी ओल्या केसांनी पळत गेले तेव्हा बाबा रस्त्यावर बसलेले होते, अप्पांचं डोकं मांडीवर घेऊन. सगळीकडं पांढरी आंबील सांडली होती. अप्पा शुद्धीवर होते. बाबांनी मान वर करून माझ्याकडं पाहिलं. काय झालं ते त्यांना पहिल्या दाबालाच समजलं होतं, हे मला त्यांच्या नजरेत दिसलं.

खुब्याचं हाड मोडलं होतं. ऑपरेशन झालं. दवाखान्यात अप्पांनीच सगळ्यांना सांगितलं की तक्रार वगैरे काही करायची नाही, दोस्ताच्या हातून झालंय, मुद्दाम का केलंय. त्यामुळं गाडी कुणी तपासली नाही.

दुपारी बाबा दवाखान्यातून आले ते थेट गाडीपाशी. मला म्हणाले, जोडी बदल. गाडी ढकलतच दुकानात नेली आणि मी जॅक लावला. ते बाकावर बसून होते. मी रडत होते, तरी ते उठले नाहीत. माझं काम संपल्यावर त्यांनी दोन्ही चाकांचे नट स्वतः आवळून पाहिले. मी म्हणाले, मी आत्ता दवाखान्यात जाते आणि अप्पांना सांगते.

"न्हाई," बाबा म्हणाले. "तू कायबी बोलायचं न्हाई. किल्ली मी उचलली, गाडी मी काढली. दुसऱ्या कुणाची असती तर गल्लीत दाबून बघितल्याशिवाय पुढं गेलो नसतो. तुझी गाडी म्हणून दाबून बघितलं न्हाई."

एवढंच. त्या विषयावर ते माझ्याशी पुन्हा कधीही बोलले नाहीत.

आणि मी ऐकलं. वडिलांनी नको म्हटलंय, असं मी स्वतःला सांगितलं. चार दिवसांनी पुण्याला गेले. ट्रॅकवर पुन्हा गेले नाही, गाडीही विकून टाकली, पण खरं सांगायचं तर एवढं करणं सोपं होतं.

अप्पा पहिल्यासारखे चालायला लागलेच नाहीत. काठीनं, मग वॉकरनं, खोलीतल्या खोलीत तेवढे फिरायचे. बाबा रोज सकाळी त्यांच्याकडं जायचे, अंग पुसायला मदत करायचे, पेपर वाचून दाखवायचे. आईच्या फोनवरून मला हे कळत होतं. हळूहळू गावात बोललं जायला लागलं की ब्रेकवाल्यांची नजर गेली, पायाचा जोर गेला, स्वतःच्या गल्लीत माणूस दिसला नाही. बाबा कुणालाच काही उलटून सांगत नव्हते. शाळेच्या व्हॅनवाल्यांनी आधी येणं बंद केलं. ते बरोबरच होतं, लेकरांच्या गाड्या होत्या. मग एक दिवस अप्पांनीच बाबांना जवळ बसवून सांगितलं की गड्या, आता थांब. माझं झालं ते झालं. उद्या तुझ्या हातून ब्रेक सैल राहिला आणि कुणाचं लेकरू गेलं, तर तुला सोसणार नाही. दोस्त म्हणून सांगितलं. बाबा बरं म्हणाले, आणि त्या आठवड्यातच त्यांनी शटर ओढलं. लेथ निलंग्याच्या एका माणसानं नेला.

दुकान बंद झाल्यावर मी घरी गेले तेव्हा बाबा ओसरीवर बसलेले असायचे. त्यांना दुसरं काही करताच येत नव्हतं. रस्त्यावर कुणी गाडी थांबवली की त्यांचं लक्ष तिकडं जायचं. एकदा एका रिक्षाचा ब्रेक किंचाळला, तसे ते अर्धे उठले आणि पुन्हा बसले. मी बघितलं आणि आत निघून गेले. सांगून टाकायचं मी प्रत्येक खेपेला ठरवून यायची. प्रत्येक खेपेला न सांगता परत जायची. दरम्यान अप्पांच्या पत्नी वारल्या आणि अप्पांना त्यांच्या लेकीनं नांदेडला नेलं. बाबांचं सकाळचं जाणंही संपलं.

त्यानंतर दोन वर्षांनी, उन्हाळ्यात बाबा गेले. दुपारी जेवून आडवे झाले आणि उठलेच नाहीत. अप्पांना येता आलं नाही. त्यांनी फोन केला होता.

तेरावं झाल्यावर मी लातूरहून एसटीनं नांदेडला गेले. अप्पांच्या लेकीचं घर जुन्या भागात आहे. मी हॉस्टेलवर असताना त्या मला सणासुदीला जेवायला बोलवायच्या. अप्पा खिडकीपाशी पलंगावर बसलेले होते, खूप वाळले होते. मला बघून त्यांचे डोळे भरून आले. त्यांनी मला जवळ बसवलं आणि बाबांच्या आठवणी सांगायला लागले. मी त्यांना थांबवलं.

मग मी सगळं सांगितलं. लाल ठिपक्याची जोडी, डिकीतली पांढरी, ट्रॅकवर काढून परत ठेवलेला जॅक, सकाळी रस्त्यावर तापवून घेतलेल्या डिस्क. त्यांना डिस्कमधलं कळत नाही म्हणून मी सोपं करून सांगायला लागले, तर ते म्हणाले, "मला ठाऊक हाय. पहिल्या दाबाला, शेवटच्या दाबाला. मी होतो तिथं बसलेलो."

मला वाटलं होतं ते रागावतील, किंवा डोक्यावर हात ठेवतील. दोन्हींची मी तयारी करून आले होते.

"त्याची नजर चांगली होती म्हणायची," ते म्हणाले.

"हो."

"पाय पण."

"हो, अप्पा."

"आणि मी त्याला दुकान बंद कर म्हणालो."

मी म्हणाले, तुम्हाला माहीत नव्हतं. त्यांनी मान हलवली. ते माझ्याकडं बघत नव्हते. म्हणाले, "तू आधी आली असतीस तर मी त्याला हाताला धरून दुकानात नेऊन बसवलं असतं. मला उचलून न्यावं लागलं असतं तरी गेलो असतो."

त्यांनी लेकीला हाक मारली. त्या स्वयंपाकघरातून हात पुसत आल्या. अप्पा मला म्हणाले, हेच हिच्यासमोर सांग. मी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. दुसऱ्यांदा सांगणं जास्त अवघड गेलं, कारण त्या माझ्या तोंडाकडं बघत होत्या. त्यांनी दोन वर्षं बापाला उचलून बसवलं होतं, न्हाऊ घातलं होतं. ऐकून झाल्यावर त्या म्हणाल्या की त्यांच्या आईनं शेवटपर्यंत माझ्या बाबांना दोष दिला. बाबा आले की ती आतल्या खोलीत जायची, त्यांना पाणीसुद्धा विचारायची नाही, आणि ते तसेच बसायचे. "एवढं तरी तुम्ही टाळायला पाहिजे होतं," त्या म्हणाल्या. त्यांनी चहा ठेवला होता, तो मला दिला, मी घेतला. निघताना मी अप्पांच्या पाया पडले. त्यांनी पाय मागं घेतले नाहीत, पण मान खिडकीकडं वळवली.

परतीच्या गाडीत बसायला जागा मिळाली नाही. अहमदपूरपर्यंत मी उभी होते.

घरी आई जेवायची थांबली होती. हातपाय धुवून मी तिच्यासमोर बसले आणि तिलाही सांगितलं. मला वाटत होतं हे तिला पहिल्यांदाच कळतंय.

"त्याच दिवशी दुपारी सांगितलं होतं त्यांनी मला," आई म्हणाली.

मी विचारलं, मग तू काहीच का बोलली नाहीस? तिनं ताटातली भाकरी मोडली आणि तशीच ठेवली.

"मी काय बोलणार? तुझं होतं ते. तू बोलतीस का म्हणून आम्ही वाट बघत होतो."

"बाबांनी मला नको म्हणून सांगितलं होतं, आई."

"सांगितलं असंल. बापानं दुसरं काय सांगायचं?" ती म्हणाली. "पण तू पुण्याहून आलीस की ते अप्पांकडं जायला अर्धा घंटा उशीर करायचे. चप्पल घालून दारात बसायचे. मी विचारलं तर म्हणायचे, बघू, लेक बरोबर येती का."

मला ते दारातलं बसणं आठवत होतं. प्रत्येक खेपेला मी त्यांना तसं पाहिलं होतं आणि आपले वय झालेले वडील उन्हाला बसलेत, असं समजून मी आत चहा करायला गेले होते.

आईनं माझ्या ताटात कालवण वाढलं आणि म्हणाली, "जेव आता." आम्ही दोघी जेवलो. भांडी मी घासली.